दर अपडेटला नवे दुखणे

माझ्या जुन्या संगणकावर पत्रव्यवहार होतो, हिशेब लागतात, छपाई होते. व्हिडिओ कॉलचे ॲप तेवढे अधूनमधून रुसून बसते. कालपर्यंत मुकाट्याने चालणारे हे ॲप नेमके बैठकीच्या तोंडावर ‘नवी आवृत्ती घ्या’ असे बजावते, ती घ्यायला जावे तर ती नवी ऑपरेटिंग सिस्टिम मागते, आणि विंडोज ११ टाकावी म्हटले तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे तीही दारातूनच परत पाठवते. ब्राउझरमधून जोडून घेण्याची पळवाटही फारशी उरलेली नाही, कारण माझ्याकडच्या विंडोज ७ साठी क्रोम २०२३ मध्येच १०९ व्या आवृत्तीवर थांबले.

कॉल कसाबसा लागलाच, तर नव्या कोडेकमधले, म्हणजे व्हिडिओ आकसून पाठवण्याच्या नव्या पद्धतीतले, चित्र उलगडण्याची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरू लागतो आणि समोरच्याचे ओठ आवाजाच्या मागून हलतात. पार्श्वभूमी धूसर करण्याची करामत मी बंद करून ठेवावी आणि पुढच्या अपडेटने ती गुपचूप पुन्हा चालू करावी, हा तर नेहमीचाच खेळ. सुरक्षेसाठी बदल हवेत, हे मान्य. पण पडद्यावर इमोजींचा पाऊस पाडण्याची हौस असणाऱ्यांना, नुसता आवाज आणि चेहरा नीट पोहोचवणारी एखादी हलकी आवृत्ती द्यायला काय धाड भरली आहे?