ते २१ टक्के नक्की कशाचे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा आहे: साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक टूथब्रशने प्लाक (दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर) २१ टक्के कमी होतो हे कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असताना माझ्या लेखात ‘साधा ब्रशही पुरतो’ असं म्हणणं दिशाभूल करणारं आहे, हिरड्या खरवडतो तो साधा ब्रश, इलेक्ट्रिक नाही, आणि इलेक्ट्रिकमध्ये पद्धत शिकायची कटकट नाही, नेहमीसारखं पुढे-मागे घासलं तरी मशीन आपलं काम करतं. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. तिसरा मात्र धोक्याचा आहे.

आधी आकडा. २०१४च्या त्या आढाव्यात ५६ चाचण्या आहेत. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. पहिल्या एक ते तीन महिन्यांत हेच आकडे ११ आणि ६ आहेत. ही टक्केवारी प्लाक मोजण्याच्या गुणांकातली आहे. ‘२१ टक्के कमी दात किडतात’ असा तिचा अर्थ लावता येत नाही. दातांच्या दीर्घकालीन आरोग्याला या फरकाचा किती उपयोग, हे स्पष्ट नसल्याचं आढावा स्वतःच सांगतो. शिवाय त्यातला सर्वाधिक पुरावा छोटं गोल डोकं आलटून-पालटून दोन्हीकडे फिरवणाऱ्या ब्रशचा आहे. सेल घालून नुसता गुणगुणणारा ब्रश घ्यायचा आणि २१ टक्क्यांचा हवाला द्यायचा, हे जमणार नाही.

आता ‘नेहमीसारखं घासलं तरी चालतं’ याबद्दल. नाही चालत. गोल डोक्याचा ब्रश एकेका दातासाठी बनवलेला असतो. तो दातावर टेकवायचा, केसांची टोकं हिरडीच्या कडेला लागतील एवढाच कलवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पुढच्या दातावर जायचं. आधी बाहेरची बाजू, मग आतली, मग चावायची. हात हलवायचाच नाही. तुम्ही म्हणता तसा भराभर पुढे-मागे नेला तर डोकं दातांच्या फुगीर भागावरून घसरत जातं आणि हिरडीलगतची रेघ, जिथे प्लाक खरा साचतो, तशीच राहते. लांबट डोक्याच्या सोनिक ब्रशचं तंत्र वेगळं. तो हिरडीकडे ४५ अंशांत धरून अगदी सावकाश सरकवायचा. त्याची टोकं मिनिटाला ३०,०००च्या घरात थरथरतात, पण थरथर अगदी बारीक असते. जोर दिला की ती दबते. कान दिलात तर कळेल, मोटरचा आवाज जड होतो. त्या क्षणी तुमच्या हातात महागडा साधा ब्रश उरलेला असतो.

हिरड्यांचंही तेच. नुकसान होतं ते जोर, कडक केस आणि आडवं करवतीसारखं घासणं यामुळे. सुळे आणि उपदाढा यांच्याशी दातांची रांग वळते, तिथले दात बाहेरच्या बाजूला पुढे आलेले असतात, म्हणून हिरडी खाली सरकणं आणि दाताच्या मुळाशी खाच पडणं तिथे जास्त दिसतं. इलेक्ट्रिक ब्रश दाबून धरला तर तोही हेच करू शकतो. चांगल्या ब्रशला दाब ओळखणारा सेन्सर असतो. काहींत दिवा लागतो, काहींत मोटर मंदावते. दिवा दांड्याच्या मागच्या बाजूला असेल तर आरशात पाहिल्याशिवाय दिसतच नाही, हे घेतानाच बघा.

साध्या ब्रशनेही चांगलं काम होतं, पण ते हाताला शिकवावं लागतं. मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. मुठीत न पकडता पेनसारखा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. ४५ अंशांत हिरडीच्या कडेला टेकवून दोन-तीन दातांवर जागच्या जागी काही मिलिमीटरच हलवायचा, दहाएक वेळा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून घ्यायचा. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा. तोंडाचे चार भाग केले तर प्रत्येकाला ३० सेकंद. बहुतेक जण इथेच कमी पडतात, आणि माझ्या मते इलेक्ट्रिकच्या फायद्यातला बराचसा वाटा त्याच्या टायमरचा आहे.

म्हणून सल्ला सरसकट देता येत नाही. सांधेदुखीने बोटं वळत नसतील, हात थरथरत असेल, दुसऱ्या कुणाचे दात घासून द्यायचे असतील किंवा हाताला योग्य हालचाल काही केल्या बसत नसेल, तर इलेक्ट्रिकच घ्या. ब्रेसेस असतील तरी सोयीचा पडतो. ज्यांचं घासणं आधीच नीट आहे, त्यांना फारसा फरक पडणार नाही. दोन दातांमधल्या फटीत मात्र दोन्ही ब्रश पोचत नाहीत. तिथे फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) किंवा फटीत घालायचा बारीक ब्रशच लागतो. कडक झालेलं कीटणही दोन्हीपैकी कशानेच निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं.

इलेक्ट्रिक घेतलात तर देखभाल आली. डोकं दर तीन महिन्यांनी बदलायचं, केस फाकले तर त्याआधीच. वापरून झाल्यावर डोकं दांड्यावरून काढा, दोन्ही धुऊन वेगवेगळं वाळवा. तसंच ठेवलं तर पेस्ट आणि लाळेचा काळपट चिकटा मधल्या खाचेत साठतो. धातूच्या दांडीभोवतीचं रबर झिजलं की पाणी आत जातं आणि बॅटरी बसते.

कुठला ब्रश तुम्हाला लागू पडतो हे घरीच तपासता येतं. प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. ओठांना व्हॅसलीन लावा, नाहीतर तेही रंगतात. नेहमीसारखे दात घासा, मग गोळी चावून रंग जिभेने सगळीकडे फिरवा, थुंका, एकदा चूळ भरा आणि आरशात पाहा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि हिरडीलगतची रेघ बघायला विसरू नका. एका रात्री साधा ब्रश, दुसऱ्या रात्री तुमचा इलेक्ट्रिक आधी तुमच्या पद्धतीने, आणि तिसऱ्या रात्री तोच इलेक्ट्रिक, हात न हलवता.