जुना फ्रिज कुणाला फुकट देऊ नका

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अक्कांकडे गेले होते. दुपारची वेळ, बाहेर डांबर वितळेल असं ऊन. पाणी मागितलं तर अक्कांनी माठातलं दिलं. फ्रिज कोपऱ्यात उभा होता, पण बंद. विचारल्यावर म्हणाल्या, "हल्ली दिवसा बंदच ठेवते बघ पोरी. लाइट बिल लई यायलंय."

तो फ्रिज मीच दिला होता, त्याच्या दीड वर्ष आधी.

साखर पेठेत आम्ही राहायचो तेव्हा अक्का शेजारी होत्या, विड्या वळायच्या. आई शाळेवर जायची आणि मी दिवसभर अक्कांच्या सुपाजवळ बसून असायचे. त्या पानं कापायच्या, मी कापलेल्या पानांच्या गड्ड्या लावायचे. त्यामुळे आमच्याकडे नवा डबल डोअर आला, तेव्हा जुना फ्रिज एक्स्चेंजमध्ये घालवण्याऐवजी अक्कांना द्यावा असं मनापासून वाटलं. टेम्पोचं भाडं मी दिलं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण काहीतरी चांगलं केलं, याच समाधानात मी घरी आले.

त्या दुपारी मी त्यांच्याकडची बिलं मागून घेतली. आपल्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो क्वचितच कुणी बघतं. फ्रिज येण्याआधी महिन्याला 65 युनिटच्या आसपास. आल्यानंतर 115, 118, 121. दोन दिवसांनी मी प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर घेऊन परत गेले, फ्रिज त्यावर लावला आणि चोवीस तास दार नेहमीसारखं उघडझाप करायला सांगितलं. आकडा आला 1.8 युनिट. महिन्याचे 54.

इथे शंभरचा आकडा महत्त्वाचा आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटना एक दर आणि 101 ते 300 ला दुसरा, जवळपास दुप्पट. शंभरच्या आत राहणाऱ्या घराला माझ्या फ्रिजने शंभरच्या पुढे ढकललं. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) आणि 16 टक्के वीज शुल्क धरून हिशेब केला, तर त्या एका वस्तूने अक्कांचं बिल महिन्याला चारशे ते पाचशे रुपयांनी वाढवलं होतं. दीड वर्षात सात-आठ हजार. अक्कांना मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. त्या आठ हजारांसाठी त्यांनी किती विड्या वळल्या असतील, हा हिशेब मी घरी येऊन केला आणि मला झोप लागली नाही.

फ्रिज आम्ही 2004 साली घेतलेला. वस्तूंवर तारे छापायची पद्धत केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 मध्ये सुरू केली, म्हणजे त्यावर लेबल असण्याचा प्रश्नच नव्हता. दाराचं रबर सैल झालेलं. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. अलगद निघून आला तर रबर गेलं असं समजा. अक्कांकडे तो अलगद निघून आला. त्यात खोली एकच, गॅसची शेगडी हाताच्या अंतरावर, मागची जाळी भिंतीला टेकलेली. खोलीतच बेचाळीस डिग्री असेल तर कॉम्प्रेसरला थांबायला फुरसत कुठून मिळणार? माझ्या जुन्या स्वयंपाकघरात तो एवढी वीज खात नसेलही. पण मी तो माझ्या स्वयंपाकघरासाठी दिला नव्हता.

म्हणून हे लिहितेय. आपल्याकडे जुनी वस्तू "कामाला येईल" म्हणून कामवाल्या मावशींना, गावाकडच्या भावाला, वॉचमनच्या घरी देण्याची रीत आहे. सतरंजी द्या, भांडी द्या, कपाट द्या. पण जी वस्तू चोवीस तास प्लगला लागलेली असते, ती देताना तिच्याबरोबर दर महिन्याचं बिलही आपण देत असतो. सगळ्यात जास्त वीज खाणाऱ्या वस्तू अशा फिरत फिरत सगळ्यात कमी कमाईच्या घरात जाऊन बसतात. मी हे स्वतः केलंय, म्हणून ठामपणे सांगते. वीस वर्षांचा फ्रिज असेल तर तो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे द्या, त्यात गॅस असतो, तो भंगारवाल्याने कापून हवेत सोडणंही चांगलं नाही. आणि खरंच मदत करायची असेल तर नव्या छोट्या फ्रिजचे अर्धे पैसे द्या.

आम्ही तेच केलं. अर्धे मी, अर्धे अक्कांच्या मुलाने हप्त्यावर. दुकानातला विक्रेता मुलगा सारखं "ताई, पाच स्टारच घ्या" म्हणत होता. मी लेबलवरचा युनिटचा आकडा वाचत होते. फ्रिजच्या लेबलवर तो वर्षाच्या 365 दिवसांचा असतो. सिंगल डोअरमध्ये वर्षाला 170 युनिटचा मिळाला. म्हणजे महिन्याला 14. अक्कांच्या उकाड्यात वीस धरा. तरी कुठे 54 आणि कुठे वीस.

ताऱ्यांबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. निकष दर काही वर्षांनी कडक होतात. एसीचे जुलै 2022 मध्ये झाले, तेव्हा कालचा पाच स्टार आज चार स्टार झाला. म्हणून लेबल कोणत्या काळाचं आहे तेही वाचायचं. गोदामात पडून राहिलेला माल तारे दाखवून खपवला जातो.

एसीचं गणित तर वेगळंच आहे. त्यावरचा आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेला असतो. सोलापुरात मध्यमवर्गीय घरात एसी चालतो एप्रिल-मे, तोही रात्री. सहा तासांप्रमाणे साठ रात्री म्हणजे 360 तास. समजा तीन आणि पाच स्टारच्या लेबलवर दोनशे युनिटचा फरक आहे, तर आपल्या घरात तो 45 युनिटवर येतो. त्यासाठी आठ-दहा हजार जास्त मोजावेत असं मला वाटत नाही. दिवसभर एसी चालणारा दवाखाना किंवा ऑफिस असेल तर जरूर मोजा. घरी तीन स्टार घ्या, 26 वर ठेवा, वर पंखा लावा, आणि वाचलेल्या पैशांत सगळ्या खोल्यांचे पंखे बदला.

पंख्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सोलापूरचं घर पंख्यावर चालतं. फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू झालेला पंखा दिवाळीपर्यंत थांबत नाही. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात 75 वॅटच्या आसपास घेतो. अठरा तास चालला तर महिन्याला चाळीस युनिट. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, त्याच वेगाला 30 वॅट, म्हणजे सोळा युनिट. एका पंख्यामागे चोवीस युनिट वाचतात आणि घरात तीन पंखे तरी असतातच. माझ्या घरी तिन्ही बदलले, जास्तीची किंमत एका उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निघाली. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी आता जवळजवळ दुप्पट वेळ पुरते, हा फायदा मी धरलाच नव्हता. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवरही स्टार लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा "पंख्यात काय बघायचं" असं म्हणायला आता जागा नाही.

अक्कांकडे पंखा मंदच चालतो, कारण जोरात लावला की सुपातला तंबाखू उडतो. पण त्यांचा रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्याचा. हात लावला तर गरम. पंखा मंद केला तरी बरीचशी वीज त्या डब्यात उष्णता होऊन जात होती. दोन-तीनशे रुपयांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला, काम झालं.

कूलरवाल्यांशी माझं भांडण नाही. आपली हवा कोरडी, कूलर इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो, आणि दीड टनाच्या एसीच्या तुलनेत वीज अगदी थोडी खातो. फक्त खिडकी उघडी हवी. बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. पण तो पाणी पितो, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा हिशेबही करावाच लागतो. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपाने येतं, म्हणजे त्या पाण्यातही वीज आहे. आणि वीज तरी कुठून येते? आपल्याच फताटेवाडीला एनटीपीसीचे 660 मेगावॅटचे दोन संच आहेत, कोळशावरचे, त्यांनाही पाणी उजनीचंच लागतं. एका वाटेने वाचवलं की दुसऱ्या वाटेनेही वाचतं, हे आपल्या गावात जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

गीझरचं फार सांगत नाही. आपल्याला तो दोन-अडीच महिने लागतो, उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी अंगाला चटका देतं. गच्ची स्वतःची असेल तर सोलर वॉटर हीटर घ्या, विषय संपला.

अक्कांचं गेल्या महिन्याचं बिल मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलं. 81 युनिट. फ्रिज दिवसरात्र चालू आहे. परवा गेले तर त्यांनी ताक दिलं, गार. आणि आधी मला फ्रिजमागची जाळी दाखवली. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलाय, मुलाने फडक्याने पुसलीय.

ते प्लगचं मीटर माझ्याकडे नुसतं पडून आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या बाजूला कुणाला आठवडाभर हवं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. आधी फ्रिजला लावा. आणि घरी काम करणाऱ्या मावशींना तुम्ही कधी फ्रिज दिला असेल, तर त्यांच्या घरीही एक दिवस घेऊन जा.