तेवीसनंतर थेट पंचवीस

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा दादानं एक बातमी टाकली. कोयते घेऊन रील काढणारी तीन पोरं पोलिसांनी धरली, तिघंही अठराच्या आतली. तासाभरात पन्नासेक मेसेज. ‘धिंड काढा.’ ‘वयाची अट 14 वर आणा.’ ‘रिमांड होममध्ये ठेवून काय उपयोग, बाहेर येऊन परत तेच.’ मग एकानं लिहिलं, ‘इंग्लंडात 10 वर्षांच्या पोरालासुद्धा कोर्टात उभं करतात. आपल्यातच लाड.’ आणि मी इंग्लंडात राहतो म्हणून साक्षीला मला टॅग केलं.

वाक्य खरं आहे, म्हणूनच जास्त राग आला. इंग्लंडमध्ये गुन्ह्याची जबाबदारी 10 व्या वर्षापासून सुरू होते. पण आपल्याकडंही 2015 च्या बाल न्याय कायद्यात 16 ते 18 वयाच्या मुलानं अत्यंत गंभीर गुन्हा केला, तर पडताळणी करून त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायची तरतूद आहे. कडक कायदा मागणाऱ्यांना तो झालाय हेच ठाऊक नाही. आणि इंग्लंडचं उदाहरण द्यायचंच, तर अर्धं का द्यायचं? इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 च्या सुमारास अठराच्या आतली जवळपास 3,000 मुलं कोठडीत असायची. आता तो आकडा 500 च्या खाली आहे. वय 10 च राहिलं, पोरं मात्र बाहेर राहिली. किरकोळ चोरी-मारामारीत कोर्टाची पायरी चढायच्या आतच यूथ जस्टिसची, म्हणजे बालगुन्हेगारीचं काम बघणारी माणसं त्या पोराच्या घरी आणि शाळेत जायला लागली, हे त्यातलं मोठं कारण.

मी लेस्टरच्या एका सेकंडरी शाळेत 14 वर्षं गणित शिकवतोय आणि केअरमधल्या, म्हणजे सरकारनं सांभाळायला घेतलेल्या मुलांचा डेझिग्नेटेड टीचर, म्हणजे त्यांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणारा शिक्षकही आहे. सकाळी 8:40 ला रजिस्टर. ओ आली नाही, तर साडेनऊच्या आत घरी फोन. केअरमधलं मूल असेल तर व्हर्च्युअल स्कूललाही, म्हणजे अशा मुलांच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या कौन्सिलच्या ऑफिसलाही कळतं. दर टर्मला पेप मीटिंग असते, म्हणजे त्या मुलाच्या शिक्षणाच्या आराखड्याची बैठक. सोशल वर्कर, फॉस्टर केअरर (ज्यांच्या घरी तो राहतो ते), मी आणि तो मुलगा असे चौघं एका टेबलाशी बसतो आणि त्याचे अपूर्णांक कुठं अडलेत यावर बोलतो. कोल्हापुरात एखाद्या पोरक्या मुलाच्या अपूर्णांकांसाठी तीन मोठी माणसं एकत्र बसलेली मी कधी पाहिली नाहीत.

दादाचं म्हणणं, ‘तिथं पैसा हाय, म्हणून जमतंय.’ पैसा आहे. आणि पैसा असूनही सगळं जमत नाही, हेही लपवणार नाही. इयर एटमधला, म्हणजे 12-13 वर्षांचा, केअरमधला एक मुलगा एका सोमवारी कचऱ्याची काळी पिशवी घेऊन वर्गात आला. पिशवीत खेळाच्या तासाचे बूट, टॉवेल, चार्जर आणि गणिताची वही. शनिवार-रविवारात त्याचं घर बदललं होतं, वर्षातलं तिसरं. सोशल वर्करही नवी. पिशवी त्यानं टेबलाखाली दोन पायांत घट्ट धरली होती. तिसऱ्या तासाला कुणाचा तरी पाय पिशवीला लागला आणि यानं खुर्ची फेकली. पाच दिवस शाळेतून बाहेर. नवं घर अनोळखी, दिवसभर करायला काही नाही. त्याच पाच दिवसांत तो पहिल्यांदा दुकानात चोरी करताना सापडला. आधी घर गेलं, मग शाळा, मग पोलीस आले. सगळा क्रम एका आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर घडला.

इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयानं 1993-94 या शैक्षणिक वर्षात जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला. केअरमध्ये राहिलेल्यांपैकी 52 टक्के वयाच्या 24 व्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरले होते. केअरमध्ये कधीच न राहिलेल्यांत हे प्रमाण 13 टक्के. तेव्हा इकडं सगळं भारी, असं मी म्हणत नाही. कोयता हातात येण्याआधी त्या तीन पोरांची शाळा कधी सुटली, एवढंच ग्रुपवर कुणीतरी विचारायला हवं होतं. एकानंही विचारलं नाही.

हे विचारायला मी काही इंग्लंडात येऊन शिकलो नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. दंड करायचा म्हणजे कोण आलं, कोण नाही, हे कुणीतरी बघायला हवं. त्याआधी 1901 पासून बोर्डिंगं काढली, खेड्यातून शिकायला आलेलं पोर उघड्यावर पडू नये म्हणून. दसरा चौकातून जाताना आपण त्यांच्या पुतळ्याला हात जोडतो, आणि त्याच जिल्ह्यात गळीत हंगामात ऊसतोड्यांची शाळेच्या वयाची पोरं खोपटापाशी धाकटी भावंडं सांभाळत बसलेली असतात. कागदावर आपल्याकडं कमी काही नाही. मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे, बालकल्याण समिती आहे, गावोगाव बाल संरक्षण समित्या आहेत, बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये आहेत. मी ग्रुपवर साधा प्रश्न टाकला, आपल्या वॉर्डातलं पोरगं सलग आठ दिवस शाळेत आलं नाही, तर नवव्या दिवशी त्याच्या दारात कोण जातं? कुणालाही सांगता आलं नाही.

एकानं मात्र लिहिलं, ‘तू तिथं बसून आम्हाला शिकवू नको. हितं असताना काय केलंस?’

सातवीत माझा हजेरी नंबर 23, वर्गातल्या एका दोस्ताचा 24. आई वारलेली, वडील उद्यमनगरात फौंड्रीत. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची असायची. दिवाळीनंतर तो आलाच नाही. बाई चोवीस म्हणून थोडं थांबायच्या. महिन्याभरानं त्यांनी तांबड्या पेनानं नावावर रेघ मारली आणि तेवीसनंतर थेट पंचवीस यायला लागलं. त्याचं घर आमच्यापासून पाच मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. दोन वर्षांनी पितळेचं भंगार चोरताना तो सापडला, रिमांड होममध्ये गेला. सुटल्यावर गंगावेशीत चहाच्या गाड्यावर कपबश्या विसळायचा. एकदा त्यानं रस्त्यापलीकडून मोठ्यानं हाक मारली, ‘ए तेवीस!’ सोबत कॉलेजातले मित्र होते. मला हाक स्वच्छ ऐकू आली होती. मी मान वळवली नाही.

आता परक्या देशातल्या परक्या पोरांची हजेरी मी रोज घेतो, कुणी आलं नाही तर जीव वरखाली होतो, आणि त्याचा मला पगार मिळतो.

काल दादाला फोन करून विचारलं, तो कुठं असतो रे? नाव सांगितलं, फौंड्री सांगितली, चहाचा गाडा सांगितला. ‘कोण रं?’ म्हणाला. त्याला आठवेना. ‘ते ऱ्हाऊ दे, तू गणपतीला येणार हाईस का न्हाई?’

ऑगस्टच्या सुट्टीत येतो म्हटलं. आणि आलो की आधी उद्यमनगरात जाऊन त्याच्या फौंड्रीतल्या कुणाला तरी विचारू, तूही चल. दादा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘नाव परत सांग.’