बिडाच्या पाइपाला आतून कोट मारला की ५० वर्षं नवा? थांबा राजेहो

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: महाल-इतवारीतल्या पाण्याच्या जुन्या बिडाच्या लाइनी खोदून बदलू नका, आतून पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, थर फवारा, तो इतका चिकटतो की सुटतच नाही, लॅबमध्ये दाब देऊन पाहिलं, फुटला नाही, म्हणजे पाइप ५० वर्षं नवा. तंत्र खरं आहे. निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

'फुटला नाही.' किती वेळ? पॉलिमर सततच्या भाराखाली हळूहळू ताणला जातो. काही मिनिटांच्या दाबात ते दिसतच नाही. म्हणून नमुने १०,००० तास, म्हणजे जवळपास चौदा महिने, भाराखाली ठेवतात आणि त्यावरून ४,३८,००० तासांचा, म्हणजे ५० वर्षांचा, अंदाज बांधतात. तेही बहुधा २३ अंश तापमानाला. आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहेच, आणि उष्णतेनं हे ताणणं वाढतं.

'पाइप नवा होतो.' पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या अमेरिकेतल्या एडब्ल्यूडब्ल्यूए या संस्थेनं लायनिंगचे, म्हणजे अशा आतल्या थराचे, चार वर्ग केलेत. पहिला फक्त गंज थोपवतो. दुसरा-तिसरा भोकं झाकतो, पण मुख्य भार जुन्याच पाइपावर. जुना पाइप पार गेला तरी एकट्यानं दाब पेलतो तो चौथा. १५० मिमीचा पाइप, ४ किलोचा दाब आणि ३ मिमीचा थर धरा: पाइपाचा आधार सुटला की थरात दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा ताण, तोही रात्रंदिवस. मेसेजमधलं लायनिंग कोणत्या वर्गातलं, याचा पत्ता नाही.

'इतकं चिकटतं की सुटतच नाही.' हीच तर भानगड आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वर-खाली झालेला बिडाचा पाइप वाकत नाही, कडकन गोल तडकतो. थर गच्च चिकटलेला असेल, तर सगळी ओढ त्या केसाएवढ्या फटीवर येते आणि कडक पॉलिमर तिथंच फाटतं. जरा ताणलं जाणारं, फटीच्या कडेला थोडं सुटणारं लायनिंग तगतं. खरी परीक्षा म्हणून अशी: आत पाण्याचा दाब ठेवून पाइप मुद्दाम वाकवून तोडायचा, मग गळती बघायची. शिवाय पाणी बंद झाल्यावर लाइन रिकामी होताना आत निर्वात होतो आणि पातळ थर आतल्या बाजूला दबू शकतो. त्याची चाचणी आणखी वेगळी.

'खोदकाम शून्य.' दोन्ही टोकांना खड्डे लागतातच. गंजाच्या गाठी खरवडायच्या, पाइप सुकवायचा, घरोघरच्या कनेक्शनची तोंडं बुजली तर मोकळी करायची, आणि तोवर गल्लीला तात्पुरती लाइन द्यायची.