गुरुवारी टर्की? आमच्याकडे नाही

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या सणाला, टर्की (कोंबडीसारखाच, पण मोठा पक्षी) न करणाऱ्या इथल्या मराठी घरांनी आता ओशाळणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि टर्कीऐवजी ‘टर्कीसारखं’ काहीतरी शोधत फिरणंही.

न्यू जर्सीत आलो त्या वर्षी मी हौसेने चौदा पौंडांची गोठवलेली टर्की आणली आणि बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवली. पाकिटावरच्या सूचना कोण वाचतंय! चार-पाच पौंडांमागे एक अख्खा दिवस लागतो म्हणे बर्फ सुटायला. गुरुवारी दुपारी तिच्या पोटात हात घातला तर आत बर्फाचा गोळा आणि त्याला चिकटलेली काळीज-मानेची पुडी. जेवायला रात्रीचे साडेनऊ. छातीचं मांस भुसा, मांडी अजून गुलाबी. नवरा एवढंच म्हणाला, “कोंबडी-वडे केले असते तर?”

१६१२ मध्ये गोव्याहून जहांगीरच्या दरबारात टर्की आली, तेव्हा त्याने दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. मला ती कल्पना जास्त पटते.

बरं, चव बाजूला ठेवा. मुळात हा सण येतो गुरुवारी. १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला, तो ठरवताना आमच्या सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. २०२५ मध्ये तर कहर झाला: २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि त्याच दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हॉलमध्ये महालक्ष्मीचा घट मांडलेला, आणि स्वयंपाकघरात मी टर्की भाजू?

एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून मागे एकदा टोफूचा तो गोल रोस्ट आणून पाहिला होता. सासूबाईंनी सुरीच्या टोकाने एक काप उचलला, वास घेतला आणि विचारलं, “हे कशाचं सोंग आहे?” माझा मुद्दा नेमका हाच आहे. मांस खायचं नाही ना, मग मांसाचं सोंग तरी कशाला?

तर त्या २७ नोव्हेंबरला जे केलं ते असं: मसालेभात, कांदा-लसूण न घालता दाण्याच्या कुटाची भरली वांगी (आदल्याच दिवशी चंपाषष्ठी झाली होती, त्यामुळे वांग्यांना परवानगी), कैरीऐवजी क्रॅनबेरीचं ताजं लोणचं, आणि भोपळ्याचे घारगे. घारग्यांना मी इथला डब्यातला भोपळ्याचा गर वापरते. किसायचा त्रास नाही. फक्त गूळ घालून आधी कढईत चांगला आटवून घ्या, नाहीतर कणीक जास्त खातो आणि घारगे वातड होतात. पाई (pie) घेऊन आलेला अमेरिकन पाहुणा घारगे खात होता आणि पाईचं झाकण तसंच होतं. इथे हे जेवण दुपारी तीन-चारला असतं, पण पोथी वाचून नैवेद्य दाखवेपर्यंत आमचे सात वाजले. पाहुणा बिचारा चिप्स खात पोथी ऐकत बसला होता.

“पण इथल्या संस्कृतीत मिसळायला नको का?” असं विचारणारे आपलेच लोक असतात. शेजारच्या इटालियन आजी वर्षानुवर्षं या दिवशी लझान्या करतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

विरोध एकच, घरातला. मुलगी नऊ वर्षांची. शाळेत तळव्याचा ठसा उमटवून टर्की काढतात, सोमवारी वर्गात सगळे काय खाल्लं ते सांगतात, आणि हिने काय ‘वांगी’ सांगायचं? मी शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या १६२१ च्या प्लिमथच्या जेवणाबद्दल तिथल्याच विन्स्लो नावाच्या इंग्रज वसाहतवाल्याच्या पत्रात टर्कीचं नावच नाही. नुसते ‘पक्षी’ लिहिलंय, आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं आणली म्हणून लिहिलंय.

“मग हरीण कर,” ती म्हणाली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सण तिचा आहे, माझ्यापेक्षा जास्त तिचा. म्हणून तह झाला: गुरुवार सासूबाईंचा, शुक्रवार तिचा. शुक्रवारी सकाळी टर्कीच्या दोन तंगड्या आणल्या, मालवणी मसाला लावून कुकरमध्ये आधी मऊ केल्या आणि मग ओव्हनमध्ये भाजल्या. एक तिने दोन्ही हातांनी धरून खाल्ली, फोटो काढून घेतला. दुसरीतली निम्मी नवऱ्याने, “कोंबडीच बरी” म्हणत म्हणत. सासूबाईंनी तेवढ्यात उरलेले घारगे डब्यात भरून पाहुण्याकडे पाठवायला सांगितले.