बॉडी आधी की फिन? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

घरी रेडिओ कंट्रोल रेसिंग यॉट, म्हणजे रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी शिडाची बोट, बांधण्याबद्दलचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. मी बॉडी दोन परिच्छेदांत उरकली आणि फिन (बोटीच्या तळातून खाली पाण्यात उतरणारं पातं), तिच्या टोकाचं शिसं, शीड यांवर भरभरून लिहिलं, हे तुम्हाला खटकलं. तुमच्या मते बॉडी म्हणजेच बोट, आणि ती साच्यातून काढलेली फायबरचीच हवी. दुसरं, नवख्याने बाल्साच्या (एक अगदी हलकं लाकूड) पट्ट्या चिकटवून केलेली बोट शर्यतीत टिकणार नाही, त्यापेक्षा त्याला तयार बोट घ्यायला सांगावं. आणि शेवटी, नाशिकला समुद्र नाही, मग ही हौस इथे कशाला?

सातपूरच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने (पॅटर्न) बनवण्यात, हयात घालवलेला माणूस पृष्ठभागाबद्दल बोलतो तेव्हा ते लक्ष देऊन ऐकावंच लागतं. तरीही पहिल्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे आणि ते का, हे नीट सांगावंसं वाटतं.

समजा, खऱ्या यॉटची एक दशांश मापाची हुबेहूब प्रतिकृती केली. शिडाचं क्षेत्रफळ शंभर पटींनी कमी झालं आणि त्याची उंची दहा पटींनी. म्हणजे वारा बोटीला आडवं पाडायला जो जोर लावतो, तो हजार पटींनी घटला. पण बोटीला सावरणारं वजन हजार पटींनी कमी झालंय आणि त्या वजनाची पाण्याखालची भुजा, म्हणजे ते किती खाली आहे ते अंतर, आणखी दहा पटींनी. सावरणारा जोर दहा हजार पटींनी घटला! वारा मात्र तोच, गंगापूर धरणावर मोठ्या बोटीला लागतो तोच. अशी हुबेहूब प्रतिकृती पहिल्या झुळकीला आडवी होणार, मग तिची बॉडी आरशासारखी का असेना.

मॉडेल यॉटची फिन बेढब वाटावी इतकी खोल असते ती यामुळेच. इंटरनॅशनल वन मीटर या वर्गाचे नियम पाहा. बोट जास्तीत जास्त 1 मीटर लांब, खोली 420 मिलिमीटरपर्यंत, एकूण वजन किमान 4 किलो, आणि त्यातले 2.2 ते 2.5 किलो फक्त फिन आणि तिच्या टोकाला लावलेल्या शिशाच्या गोळ्याचे, म्हणजे बल्बचे. निम्म्याहून जास्त वजन पाण्यात खाली लटकलेलं. मी नवख्याला 65 सेंटिमीटरची बोट सुचवली होती. तिथेही हिशोब असाच, बोट साधारण एक किलोची आणि त्यात अर्ध्याहून जास्त शिसं. हा बल्ब 20 सेंटिमीटरऐवजी 30 सेंटिमीटर खाली नेला, तर एक ग्रॅमही न वाढवता सावरण्याची ताकद जवळपास दीडपट होते. बॉडी घासून असा फायदा कधीच मिळत नाही.

वेगाचंही पाहू. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच लाट उठवते आणि त्या लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली, की पुढे वेग वाढवणं फार जड जातं. 65 सेंटिमीटरला ही मर्यादा सेकंदाला साधारण 1 मीटर येते, 1 मीटरला सव्वा मीटर. चांगला वारा असताना दोन सारख्या लांबीच्या बोटींमध्ये फरक पडतो तो कोण कमी कलते, कोणाचं शीड नीट भरतं आणि कोणाचं सुकाणू सरळ राहतं यावर. वारा पडलेला असेल तेव्हा मात्र पाण्याचं घर्षण खरोखर महत्त्वाचं ठरतं, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तो गुळगुळीतपणा साच्याशिवायही येतो. पट्ट्यांवर पातळ ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं कापड) आणि इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन), मग 400 आणि 600 नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवला, की हात फिरवून सांगता येणार नाही बॉडी साच्यातली की पट्ट्यांची.

बॉडीच्या बाबतीत मी नवख्याला दोनच गोष्टींवर हट्ट धरायला सांगतो. पहिली वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा शेजारी ठेवून काम करावं, कारण बॉडीत 60 ग्रॅम इपॉक्सी जास्त गेलं, तर तेवढं शिसं कमी करावं लागतं किंवा बोट जास्त बुडते. दुसरी फिनची खाच. ती मध्यरेषेवर आणि ओळंब्यात हवी. फिनला जरा पीळ राहिला, तर बोट डाव्या अंगाच्या वाऱ्यावर एक वागते आणि उजव्या अंगाच्या वाऱ्यावर दुसरंच, आणि नवखा बिचारा रिमोटला दोष देत बसतो. तुमच्यासारख्या पॅटर्नवाल्याची नजर हवी ती इथे!

उरलेला सगळा वेळ शीड आणि तोल यांना द्यावा, असं मला कळकळीने वाटतं. संक्रांतीला येवल्याची पोरं पतंगाची कणी बांधताना गाठ थोडी वर, थोडी खाली सरकवून पाहतात, तसंच डोलकाठीचं आहे. शिडावरच्या वाऱ्याच्या जोराचा मध्य फिनच्या आधारबिंदूच्या मागे गेला, की बोटीचं नाक सारखं वाऱ्याकडे वळतं. मग सुकाणू कायम तिरकं धरावं लागतं आणि ते ब्रेकसारखं पाणी अडवतं. म्हणून डोलकाठीच्या बुडाला एकाऐवजी ओळीने चार-पाच भोकं ठेवावीत. पाण्यावर गेल्यावर डोलकाठी एक भोक पुढे सरकवली की तीच बोट शांतपणे सरळ जाऊ लागते. शीडही सपाट कापून चालत नाही. 50 मायक्रॉनच्या पॉलिस्टर फिल्मचे दोन-तीन तुकडे, त्यांच्या कडा हलक्या वक्र कापून दुहेरी टेपने जोडले की शिडाला पोट येतं. हे स्वतः केलेल्या माणसाला वाऱ्यात शीड का फडफडतंय ते दिसतं.

तयार बोटीबद्दल. ज्याला पुढच्याच रविवारी शर्यत खेळायची आहे, त्याने ती जरूर घ्यावी. पण वन-डिझाइन, म्हणजे सगळ्यांच्या बोटी तंतोतंत सारख्या असायला हव्यात अशा वर्गातल्या तयार बोटींमध्ये फेरफाराला मनाई असते. ज्याला बोट समजून घ्यायची आहे, त्याच्या हातून शिकण्याची जागाच जाते. घरची बोट शर्यतीत टिकणार नाही म्हणाल, तर वन मीटरच्या नियमात बॉडीत कार्बन फायबरला बंदी आहे आणि लाकूड चालतं, म्हणजे घरची लाकडी बोटही नियमात बसते.

समुद्राचं लवकर सांगतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मॉडेल बोटींसाठी तळं आहे, लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला राउंड पाँड यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी त्याहून कितीतरी मोठं. परवानगी विचारून, झाडांच्या आडोशापासून लांबचा काठ निवडावा. गोदावरीत शहरालगत मात्र बोट उतरवू नका, पाणवेली फिनला धरतात.

आता तुमच्याकडून एक मदत हवी आहे. बल्बसाठी शिसं ओतताना प्लास्टरचा साचा जरासा ओला राहिला तरी वाफ होऊन वितळलेलं शिसं उडतं, म्हणून नवख्याने घरात ओतू नये, धुरापासूनही जपावं. हे काम ओतकाम करणाऱ्या जाणत्याकडेच द्यावं, पण त्याला पॅटर्न लागतो. 600 ग्रॅमचा बल्ब म्हणजे साधारण 53 घनसेंटिमीटर. लांबी 15 सेंटिमीटर, जास्तीत जास्त व्यास पावणेतीन, जाड भाग पुढच्या अर्ध्यात, मागे निमुळता. दोन अर्धांचा, मध्ये फिनसाठी खाच असलेला लाकडी पॅटर्न तुम्ही करून द्याल का? शिशाचा संकोच (थंड होताना ते किती आकसतं) किती धरायचा आणि लाकूड सागाचं की देवदारचं, ते तुम्हीच ठरवा. लाकूड मी आणून देतो. तुमची हरकत नसेल तर पॅटर्नचे फोटो मापांसकट इथे टाकेन, म्हणजे बाकीच्यांनाही तो करता येईल.