कर घेताना आपलं, ट्रक आला की परकं

नियंत्रण रेषेपलीकडं होणाऱ्या व्यापारालाही जीएसटी लागतो, असा निकाल जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टानं दिला होता. पक्याला त्या निकालातली एकच ओळ आवडली होती, आणि गोलबागेच्या कट्ट्यावर येईपर्यंत ती त्यानं वाटेत भेटेल त्याला ऐकवली होती. आल्या आल्या त्यानं मोबाइल वर धरला. “पाकव्याप्त काश्मीर हा जम्मू-काश्मीर राज्याचाच भाग. म्हणजे तिकडं गेलेला माल राज्यातल्या राज्यातच गेला. म्हणजे जीएसटी लागू! हायकोर्ट म्हणतंय, मी नाही. आता बोला.”

“काय बोलायचं?” मेघा म्हणाली. “चांगलंच झालं. आता एवढंच सांग, राज्यातल्या राज्यातला व्यापार तू २०१९ साली बंद कसा केलास?”

“मी?”

“तू म्हणजे तुझं लाडकं सरकार. साताऱ्याहून कऱ्हाडला गूळ पाठवू नका, असा गृहमंत्रालयाचा आदेश कधी निघालेला ऐकलायस?”

नाना तोंडातल्या तोंडात हसले. शेखर मोठ्यांदा हसला. पक्या म्हणाला, “तू नेहमी शब्दात पकडतेस.”

मेघाकडं निम्म्या बाजारपेठेच्या रिटर्नचं काम आहे. नोटीस म्हणजे काय असतं, ती आली की दुकानदाराच्या घरी रात्री जेवण कसं जात नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून त्या निकालातलं तिनं जे वाचलं ते पक्यानं वाचलं नव्हतं. नियंत्रण रेषेपलीकडं माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना आधी व्हॅटमध्ये शून्य दर होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी तिकडं पोहोचला, तेव्हा या व्यापाराला तशी सवलत कुणी दिलीच नाही. व्यापारी मात्र जुन्याच हिशेबानं चालत राहिले. मग नोटिसा आल्या, ते कोर्टात गेले आणि त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या.

“पण तिथं पैसाच चालत नव्हता ना?” शेखरनं विचारलं. त्याचं भुसार आणि सुक्यामेव्याचं दुकान आहे, त्यामुळं त्याचा पहिला प्रश्न नेहमी गल्ल्यापासून सुरू होतो.

“नव्हता. ना रुपया, ना बँक. मिरची जायची, बदाम यायचे. तीन महिन्यांच्या आत दोन्हीकडची बाजू बरोबरीला आणायची. पण वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तरी जीएसटी कायद्यात तो पुरवठाच. सातव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. कोर्टानं काही जगावेगळं केलेलं नाही.”

“मग झालं की!” पक्या.

“झालं कसं? तू दुकानदार आहेस असं समज. मिरची धाडलीस, बदाम आले. रोकड हातात आलीच नाही. कर मात्र रोखीत भरायचा, आणि तोही काही वर्षांनी. बिलावर कर लावून तू तो गिऱ्हाइकाकडून घेणार. गिऱ्हाईक बसलंय चकोठीत. त्याच्याकडं जीएसटी नंबर आहे का, विचारून ये जा.”

“चकोठी कुठं आली?”

नानांनी मान वर केली. “लेका, निकाल नाचवतोस आणि चकोठी कुठं ते माहीत नाही?”

नाना आमचे सुभेदार. शेवटच्या काही वर्षांत त्यांचं पोस्टिंग उरीला होतं. एरवी फौजेतलं फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. उरीच्या पुढं कमान पोस्ट. तिथं नाल्यावर पूल, त्याचं नाव अमन सेतू. अलीकडं सलामाबादला व्यापार केंद्र, पलीकडं चकोठी. पूंछकडं तसंच चकां-दा-बाग, त्याच्यापुढं रावळकोट. २१ ऑक्टोबर २००८ ला हे सुरू झालं. २१ जिनसांची यादी, त्याबाहेरचं काही चालायचं नाही. जकात शून्य. आधी आठवड्यातून दोन दिवस आणि मग मंगळवार ते शुक्रवार चार दिवस फाटक उघडायचं.

“तिकडचे ट्रक कसे यायचे माहितीय का? नवरीसारखे नटलेले. सगळ्या अंगावर फुलं, मोर, खाली साखळ्या लोंबत असायच्या. वळणावर ट्रक दिसायच्या आधी खळखळ ऐकू यायची. सलामाबादच्या अंगणात माल उतरायचा, पोतं न् पोतं बाजूला काढून हातानं तपासायचं, आणि अंधाराच्या आत ड्रायव्हर आपल्या बाजूला परत. मुक्काम नाही. आमची पोरं बंदूक घेऊन उभी, आणि समोर एक म्हातारा ड्रायव्हर दाढी खाजवत आपल्या हमालाला विचारतोय, अमक्या गावातला अमका अजून आहे का? त्याच्या आईचं माहेर ते.”

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग पक्याला एकदम आठवलं. “आणि हेरॉइन? ते सांगा ना नाना! बदामाच्या पोत्यात काय काय यायचं ते!”

“यायचं,” नाना म्हणाले. “खोटं कशाला बोलू. जानेवारी २०१४. पलीकडच्या मुझफ्फराबादहून आलेल्या ट्रकमध्ये बदामाच्या आडून ११४ पाकिटं निघाली. ड्रायव्हर धरला. त्यावरून तिकडचे चिडले, दोन्हीकडचे ट्रक आणि माणसं दिवसेंदिवस अडकून पडली. व्यापारी स्वतः म्हणत होते, मोठा स्कॅनर बसवा, आमच्या नावाला बट्टा नको. मी होतो तोवर तरी बसला नव्हता.”

“आणि कॅलिफोर्नियाचे बदाम! तेही काश्मीरचे म्हणून!” पक्याला जोर चढला. “एनआयए उगाच मागं लागली का?”

शेखरनंही मान डोलावली. “ते खरंय. नियम असा होता की माल दोन्हीकडच्या काश्मीरचाच पाहिजे. कॅलिफोर्नियाची गिरी एकसारखी, गुळगुळीत. हातात घेतली की कळते. ज्यानं ती काश्मिरी म्हणून उतरवून घेतली त्याला ते माहीत नव्हतं, असं मी तरी मानणार नाही.”

“मग बंद केलं ते बरोबरच ना?”

मेघा याचीच वाट बघत होती. “पक्या, २०२१ ला मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. मुंद्रा बंद झालं?”

“नाही, पण…”

“२०२५ च्या जूनमध्ये आपल्या न्हावा-शेवाला ३९ कंटेनर धरले. पाकिस्तानचा माल, दुबईमार्गे, कागद बदलून. खारीकही होती त्यात. न्हावा-शेवा बंद झालं?”

“अगं, बंदर वेगळं आणि सीमा वेगळी!”

“सीमा?” मेघा म्हणाली. “आत्ता तर राज्यातल्या राज्यात म्हणालास.”

आता मात्र कट्टा फुटला. पलीकडच्या बाकावरची कॉलेजची पोरंसुद्धा हसली. पक्या लाल झाला, आणि लाल झाला की तो शेखरवर घसरतो. ही त्याची शाळेपासूनची सवय.

“तू हसू नकोस. मंडळाचा हिशेब दे आधी.”

“गेली वीस वर्षं देतोय. तू बघत नाहीस.”

बाहेरच्यांना यातलं काही कळणार नाही, पण आमच्या गल्लीत दोन गणपती मंडळं आहेत. आधी एकच होतं. शेखर खजिनदार, पक्या अध्यक्ष. एका विसर्जनाच्या डॉल्बीवरून फाटलं ते फाटलंच. गटार ही हद्द ठरली. गटाराला लागून जोशांच्या वाड्याचा बोळ आहे, तो कुणाचा, हे आजतागायत ठरलेलं नाही.

“तुम्ही दोघं गप बसा,” नाना म्हणाले. “तुमच्या त्या बोळाचंच चाललंय तिकडं. वर्गणीचं पुस्तक घेऊन दोन्ही मंडळं दारात. लायटिंगची माळ मात्र एकाचीही बोळात येत नाही. आणि बोळातल्या म्हातारीला विचारलं कुणी, की बाई, तुला आरतीला कुठं जायचंय?”

दोघंही खरोखर गप बसले. नानांनी भांडण मिटवलं म्हणून नाही. म्हातारी म्हणजे कोण ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही यंदा तिच्याकडून पावती फाडली होती.

मला या सगळ्या वादात नानांचं हे बोलणं सगळ्यात खरं वाटलं, आणि ते मी तिथंही बोललो. निकालातला कायदा मला चुकीचा वाटत नाही. पाकव्याप्त काश्मीर आपलंच, हे संसदेनं १९९४ सालीच एकमतानं ठरावात म्हटलंय. जम्मू-काश्मीरच्या विधानसभेत त्या भागासाठी २४ जागा आजही रिकाम्या ठेवतात. त्या भूमिकेवर मी ठाम आहे. पण आपलं म्हटलं की सगळंच आपलं म्हणावं लागतं. कर आपला आणि रस्ता परका, असं अर्धं अर्धं चालत नाही. सरकारनं स्वतः अंगण बांधलं, स्वतः यादी काढली, स्वतः नोंदणी दिली, प्रत्येक पोतं स्वतःच्या वहीत लिहून घेतलं आणि पूल ओलांडून दिला. त्या वहीत ज्याचं नाव आहे त्या माणसाला आज नोटीस जाते. ज्यानं चोरी केली त्याला जरूर धरा. बाकीच्यांनी काय केलं? सरकारनं उघडलेल्या फाटकातून माल नेला, एवढंच.

“पण पुलवामा?” पक्या जरा हळू आवाजात म्हणाला. त्याचा हा प्रश्न मात्र मनापासून होता. “चाळीस जवान गेले. त्यानंतर पण चालूच ठेवायचं होतं का?”

सगळ्यांनी नानांकडं बघितलं.

“फेब्रुवारीत पुलवामा झालं. दोन दिवसांत पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के जकात लावली. एप्रिलच्या १८ ला हा व्यापारही थांबवला. मी नोकरीत असतो तर पूल बंद करायचा हुकूम मी स्वतः पाळला असता, मनात शंका न आणता. बंद केलं याचा मला राग नाही. पण सलामाबादच्या त्या अंगणात माल उतरवणारे हमाल उरीचे. आपले लोक. त्यांना दुसरं काम नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात तोफा सुरू झाल्या तेव्हा पहिलं कुणाचं घर पडलं? उरीचं, पूंछचं. कट्ट्यावर बसून आपलं आपलं म्हणायला काय जातं?”

“आपण तरी काय करणार?” पक्या पुटपुटला.

“रस्ता काय होता ते माहीत तरी करून घे,” नाना म्हणाले. मग त्यांनी हवेतच बोटानं नकाशा काढला. श्रीनगर, बारामुल्ला, उरी, दोमेल, पुढं रावळपिंडी. १९४७ पर्यंत काश्मीरचा मुख्य रस्ता हा, झेलमच्या काठानं जाणारा. महाराजांचा जकात नाका दोमेलला, जिथं किशनगंगा झेलमला मिळते तिथं. सफरचंदाच्या पेट्या त्या वाटेनं जायच्या. रस्ता तुटला आणि सगळा व्यापार बनिहालच्या घाटावर येऊन पडला. २००८ मध्ये अमरनाथच्या जमिनीवरून जम्मूत आंदोलन पेटलं, बनिहालचा रस्ता अडला आणि ऐन हंगामात फळं सडायला लागली. तेव्हा बागवाले म्हणाले, आम्ही मुझफ्फराबादला जातो. मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत अमन सेतूवरून पहिला ट्रक गेला.

“म्हणजे आपल्याच घाटावर आपलीच फळं अडली, म्हणून पलीकडचं फाटक उघडावं लागलं,” मेघा म्हणाली. “हे तुझ्या फॉरवर्डमध्ये कधी आलं होतं का रे?”

“तुम्ही सगळे मिळून मला देशद्रोही ठरवणार आज.”

“तू? तुला कोण ठरवणार?” शेखर म्हणाला. “तू तर २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानचं मीठसुद्धा खात नाहीस. उपासाला सैंधव बंद केलंस. वहिनी सांगत होत्या.”

“बंदच केलंय. अभिमान आहे मला.”

“चांगलंय. आणि पोरीच्या बाळंतपणाला डिंकाच्या लाडवांसाठी खारीक नेलीस माझ्याकडून, ती कुठली?”

पक्या थांबला. “कुठली?”

“जुना साठा. २०२५ च्या आयातबंदीच्या आधीचा, बिलासकट. सिंधची.”

“शेखर्‍या!”

“वहिनींनी स्वतः वास घेऊन, मोडून बघून घेतलीय. म्हणाल्या, हीच द्या, दुसरी नको.”

“किती लाडू खाल्लेस?” नानांनी विचारलं.

पक्यानं उत्तर दिलं नाही. मेघाला हसू आवरेना, तिनं रुमाल तोंडाला लावला. शेखरला आता थांबवणं शक्य नव्हतं. “आणि पैसे अजून दिलेले नाहीत. उधारीवर आहे सगळं.”

“मग नियमच लाव ना त्याला,” मेघा म्हणाली. “वस्तूच्या बदल्यात वस्तू. तीन महिन्यांच्या आत बाजू बरोबरीला आणायची.”

“हा काय देणार बदल्यात? याच्याकडं आहे काय? रोज सकाळी साडेपाचला येणारे फॉरवर्ड!”

“चालतील की,” नाना म्हणाले. “त्यावर कर किती गं?”

“शून्य,” मेघा म्हणाली. “पण इनपुट क्रेडिट मागायला माझ्याकडं यायचं नाही.”